सहा खाली, तीन वर

बितोममध्ये गुरुवारी संध्याकाळी
चर्चमागच्या खोलीत मी टेबल पुसून ठेवते.
चौकटींचा कागद, लाल पेन्सिल, निळी पेन्सिल,
आणि कापसात गुंडाळलेला माझा थर्मामीटर,
फक्त दाखवायला. दुकानात तो आठ महिने नाही.
दोघी बहिणी एकच वापरतात:
थोरली पाचला, धाकटी साडेपाचला,
मधे जिना, अंधार, आणि पाऱ्याला झटका.

बायका येतात. कोटांना कोळशाचा, कोबीचा वास.
मी सांगते, डोळा उघडला की आधी हे.
उठायचं नाही, बोलायचं नाही,
पोर रडलं तर पाच मिनिटं रडू द्यायचं.
मागून कुणी म्हणतं,
"पाच मिनिटं? आमच्याकडे तेवढ्यात सगळंच उरकतं!"
हशा पिकतो. मीही हसते.
हसल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

पुढचं म्हणजे: कोरडे दिवस, मग ओलसर,
मग दोन बोटांत ताणली तरी न तुटणारी तार,
अंड्यातल्या पांढऱ्यासारखी.
"अंडं बघून किती दिवस झाले, बाई,"
एक म्हातारी होत चाललेली तरुण मुलगी म्हणते.
तिला काय सांगू?
दुकान रिकामं असलं तरी
अंगाचा हिशेब चालूच असतो, म्हणते.

मग त्या कागद पुढे करतात, पालथे.
मी उलटून घेते.
वीस वर्षांत या गल्लीच्या रात्री
मला वाचता येऊ लागल्या आहेत.
हा उंच सुळका: ताप.
हा कंसातला ठिपका: दिराच्या लग्नातली व्होडका.
हे चार कोरे रकाने: सासू गेली.
रात्रपाळीच्या आठवड्यात रेष वाट चुकते,
झोपेलाच घर सापडत नाही तर पाऱ्याला कुठून सापडणार.
आणि हा फारच देखणा कागद,
एका बैठकीत, एकाच पेनने काढलेला,
लग्नाआधीच्या दाखल्यापुरता.
त्या मुलीला मी काही बोलले नाही. सही दिली.

नियम साधा आहे. सहा खाली, तीन वर.
सहा ठिपक्यांच्या डोक्यावरून तीन चढले
की तिसऱ्या संध्याकाळी दिवा मालवायला हरकत नाही.
"आणि तोवर?"
"तोवर अलोइझी कबुतरांकडे जाऊन बसतो,"
लूत्सिया म्हणाली होती.
"त्या खुराड्यात सध्या फार लाड चाललेत."

तिचाच कागद, फेब्रुवारीचा.
अकरा, बारा, तेरा: कोरे.
त्या तीन दिवसांत खाणीचा भोंगा वाजत राहिला होता,
आणि फाटकाबाहेर बर्फात बायका उभ्या होत्या,
मीही होते, माझं खाली कुणी नसताना.
चौदाव्या दिवशी निळी खूण: ओलं, ताणलं जाणारं.
तिच्याखाली, कागद फाटेल इतकी दाबून,
एक छोटी फुली.
नियम तिला पाठ होता. त्यालाही.

मग रेष वर गेली आणि वरच राहिली.
बारा दिवस. पंधरा. अठरा.
शेजारच्या नव्या नवरीने मान वाकवून पाहिलं,
"कुठे चुकलं?"
"कुठेच नाही," लूत्सिया म्हणाली,
आणि पेन्सिल माझ्या हातात परत दिली.

घरी माझाही एक कागद असतो.
शिकवायचं तर मोजायला हवं, म्हणून सुरू केलेला.
नवरा नव्हता, फुली कधी नव्हती,
पण सहा आणि तीन मलाही दर महिन्याला आले,
मुक्कामाला कुणी नसलेल्या स्टेशनावर
गाडी वेळेवर यावी तसे.
मागच्या हिवाळ्यापासून रेष सपाट आहे.
छत्तीस चार. छत्तीस चार. छत्तीस पाच.

तरी पहाटे पाचला हात बशीकडे जातो.
पारा झटकते, जिभेखाली ठेवते,
आणि पाच मिनिटं
कुणाशीही बोलत नाही.