मुख्य कल्पना

कोचकोरच्या शाळेत सात संगणक.
खिडकीजवळच्याचा स्पेसबार अडतो,
तिथे बसणाऱ्याचे शब्द
एकमेकांना चिकटूनच जन्मतात.
तिथे एर्मेक बसतो.

आजचा विषय उष्णता.
पडद्यावर मधोमध वर्तुळ, आत करडी अक्षरं:
'मुख्य कल्पना लिहा.'
सगळ्यांनी लिहिली. फांद्या फुटल्या:
वहन, अभिसरण, प्रारण,
पुस्तकात होत्या तशाच, फक्त रंगीत.

एर्मेकच्या नकाशात गोवऱ्या होत्या,
नमदा, मेंढीची चरबी, घोड्याचीपाठ,
जानेवारीत बसच्या इंजिनाखाली
ड्रायव्हरने पेटवलेलास्टोव्ह.
एकेचाळीस रेघा मोजल्या मी.
आणि मधलं वर्तुळ कोरं.

"मधल्या शब्दाचे दोन गुण गेले तुझे."
तो माझ्याकडे नाही, छताकडे बघत म्हणाला,
"नुरझामाल बाई, आपल्या तंबूच्या मधोमध काय असतं?"

तुंदुक.
छताचं गोल भोक.
सगळ्या काठ्या त्याच्या कडेला येऊन टेकतात,
धूर तिथून जातो, ऊन तिथून उतरतं.
चूल पेटलेली असताना ते झाकलं
तर आतल्यांचा जीव घुसमटतो.
हे मला माहीत होतं.
माझं लहानपण त्याच्याखाली गेलं.

दोन गुण मी परत दिले.
सॉफ्टवेअर मात्र हटून बसलं:
'मुख्य कल्पनेशिवाय जतन करता येणार नाही.'

घंटा होऊन गेली. आम्ही दोघं तिथेच.
शेवटी त्याने
त्या अडेलतट्टू स्पेसबारवर
अंगठा रोवून दाबला.

वर्तुळात एक मोकळी जागा उमटली.
जतन झालं.