तोंडाला तोंड

स्टोव्हमध्ये ओलं लाकूड फुसफुसतंय.
टेबलावर बटाट्याच्या मिल्काओची अर्धी थाळी,
तिच्याच शेजारी, वर्तमानपत्रावर,
अंगठ्याच्या नखाएवढं रेडिओ मॉड्यूल
आणि त्याला यूएसबीत बसवणारं निळं पिल्लू.
एलिसेओमामा चष्म्यावर चष्मा चढवून बघतो:
"एवढ्याशानं खाडी ओलांडायची?"

पहिलं मी मागच्या महिन्यात जाळलं.
पिल्लावरची इवलीशी टोपी पाचावर राहिली होती,
याला हवे होते तीन पॉइंट तीन.
धूर नाही, आवाज नाही,
फक्त साखर करपल्याचा वास.
दुसरं कास्त्रोहून यायला नऊ दिवस लागले,
त्यातले दोन वाऱ्यानं फेरी बंद म्हणून.
आता टोपी तीनदा तपासते.
दुधानं तोंड पोळलंय, व्होल्टसुद्धा फुंकून पिते.

ग्राउंड ग्राउंडला. हे मामाला पटतं,
जमिनीशी जमीन.
मग माझी नेहमीची चूक:
टीएक्स टीएक्सला, आरएक्स आरएक्सला,
नावाला नाव, कसं नीटनेटकं दिसतं.
दोन्हीकडे शांतता.
चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनापाशी बसून
डाव्या कानानं गेलेला मामा
तारेवर बोट ठेवतो.
"हा बोलतो, तोही बोलतो. ऐकायचं कुणी?
तोंडाला तोंड दिलं की भांडणच व्हायचं.
याचं तोंड त्याच्या कानाशी ने."
मी मुकाट्यानं तारा अदलाबदल करते.

पडद्यावर आता चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं,
कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं.
"प्यायलाय," मामा म्हणतो.
नाही. तो आपला नऊ हजार सहाशेनं सावकाश सांगतोय,
घाईत मी आहे, लाखाच्या वर.
वेग उतरवते. सेटची पिन जमिनीला टेकवते,
दोनच अक्षरं पाठवते: एटी.
परत येतं: ओके.
मामा विचारतो, एवढंच?
एवढंच.

चॅनल सत्तावीस घेतला,
कारण एक नंबरावर समोरच्या सॅमन कंपनीचं
काहीतरी अखंड बडबडत असतं.
जुळं भावंड उल्मोच्या मधाच्या बरणीत घातलं,
झाकणाला सिलिकॉन, अँटेना वर,
आणि थर्मामीटरची तार खाली चार मीटर,
शिंपल्यांच्या दोरांमध्ये.
तराफ्यावर बांधताना मामानं मारलेली गाठ
मला अजून सोडवता येत नाही.

संध्याकाळी पहिला आकडा: अकरा पॉइंट दोन.
मामा काही बोलला नाही. बूट चढवले,
होडी ढकलली, वल्हवत गेला,
जुना पितळी थर्मामीटर दोरीनं सोडून
तासाभरानं ओलाचिंब परतला.
"साडेअकरा."
"म्हणजे हे चुकतंय?"
"म्हणजे मी वल्हवलं तेवढं पाणी तापलं."
हसला नाही. मोजे स्टोव्हवर टांगले.

रात्री दोन दहानंतर आकडे थांबले.
सकाळी बघितलं आणि पोटात गोळा आला:
बरणी गळली, अँटेना मोडली,
एखादा समुद्रसिंह तराफ्यावर चढून पसरला,
की ओहोटीनं तराफा सहा-सात मीटर खाली जाऊन
पलीकडच्या खडकाआड दडला?
मग टेबल दिसलं.
निळं पिल्लू उताणं पडलेलं,
आणि यूएसबीच्या भोकात मामाच्या फोनची तार.

"बॅटरी लाल झाली होती," मामा म्हणाला,
चहाच्या कपात बघत.

दोन दहा ते सहा चाळीस, नुसत्या रिकाम्या ओळी.
मी पुसायला घेतल्या.
"ऑर्तेन्सिया, राहू दे. लिही तिथं काहीतरी."
"काय लिहू?"
मामानं खिडकीची वाफ बाहीनं पुसली,
तराफा आहे का ते बघितलं. होता.
"लिही, तो बोलत होता.
एलिसेओ झोपला होता."