उणे एक

लेकीनं तिचा जुना कॅमेरा कुरिअरनं पाठवला,
सोबत चिठ्ठी: आधी मॅन्युअल वाचा, मग हात लावा.
मी आधी हात लावला.

गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या असतात
मिटलेल्या दुकानांना पाठ देऊन.
सर्जेराव धार काढतो, गिऱ्हाईक ग्लासासाठी ताटकळतं.
म्हटलं, शिकायचं तर इथंच.

पहिला फोटो हलला.
दुसऱ्यात म्हस स्थिर, शेपटीचा नुसता धूर.
तिसऱ्याला फ्लॅश आपोआप उडाला,
म्हस बिचकली, चरवी कलंडली,
आणि सर्जेराव जे बोलला
ते मॅन्युअलमध्ये कुठंच नाही.

चौथा त्याला दाखवला. बराच वेळ बघून म्हणाला,
'मिस्त्री, ही कुणाची म्हस?
माझी काळीभोर हाय. ही राख फासल्यागत.'

घरी येऊन मुकाट पान चौतीस काढलं.
कॅमेऱ्याला म्हणे काळं कळत नाही, पांढरंही नाही,
समोर काहीही धरा, तो त्याचं राखाडी करू बघतो.
म्हणून काळ्यासाठी आकडा उणे करायचा.

एकतीस वर्षं उद्यमनगरात भट्टीसमोर काढली.
तापमानाचं यंत्र आलं तरी साहेब मलाच विचारायचे.
मी रसाचा रंग बघायचो:
थांबा.
थांबा.
ओता.
पिवळ्यातसुद्धा पिवळे किती, हे चटके खाऊन शिकलो,
आता या डबीला काळं शिकवायचं.

उणे एक. म्हस काळी झाली,
शिंगांच्या वळ्यांसकट, पाठीवरच्या ओल्या चकाकीसकट.
पण चरवीतला फेस पडद्यावर लुकलुकायला लागला,
म्हणजे तिथं आता काहीच उरलं नाही, नुसतं पांढरं.
उणे दोन. फेस परत आला, बुडबुड्या-बुडबुड्यानं,
आणि सर्जेराव अंधारात गेला.

'माझं तोंड कुठाय?'
'ते उद्या.'
'चार दिस झालं, रोज उद्याच.'

मग त्यानं ग्लास माझ्या हातात दिला,
'निवायच्या आत पी,' म्हणाला,
आणि ओल्या हातानंच कॅमेरा काढून घेतला गळ्यातून.
उणे नाही, अधिक नाही, डोळासुद्धा नीट लावला नाही.

फोटोत मी आहे, मिशीला फेस,
मागं म्हशीचा एक कान.
उरलेल्या अर्ध्यात सर्जेरावचा अंगठा,
भिंगावर टेकलेला, लालसर, भला थोरला.

लेकीला तोच पाठवला.