कुणाकडे पाठवायचं

लिएपाया बंदरावरचा वारा खिडकीच्या फटीतून येतो
आणि आमची यादी उडवतो. तिसऱ्यांदा.
स्काइद्रीते तिच्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवते.
वाचनालयाची मागची खोली, डिसेंबर, चारलाच अंधार.
हीटर एकाच बाजूनं तापतो.

काम एवढंच: घडीच्या पत्रकाचं शेवटचं पान.
‘अधिक मदतीसाठी इथे जा’
आणि खाली कोण?

पुढची पानं आम्ही तिघांनीच लिहिली,
पासवर्ड कसा असावा, फोनला
आपला ठावठिकाणा कसा विसरायला लावावा.
चुकलो तर आम्ही चुकलो.
हे पान म्हणजे
दुसऱ्याच्या ओंजळीनं तिसऱ्याला पाणी पाजणं.
तहानलेला नखं बघत नाही.
ती आपण बघायची.

ओयार्सनं चौतीस पत्ते आणलेत.
एकाचं लिखाण इतकं सुरेख की मी दोनदा वाचलं,
आणि वाचून होईस्तोवर त्या पानानं
माझ्यामागे चार हेर लावले.
ओयार्सच्या पडद्यावर ते उमटले
लाल लाल, गोवर आल्यासारखे.
मथळा होता, ‘एकांत कसा जपावा’.
दुसरा सगळंच फुकट देतो.
‘त्याचं घरभाडं कोण भरतं?’ स्काइद्रीते विचारते.
तिचा एकच प्रश्न, चौतीस वेळा.

सोव्हिएत काळात ती पोस्टात होती.
केटलीच्या वाफेवर पाकिटं उघडायची खोली
तिच्या टेबलापासून दोन दारं सोडून.
‘फार सभ्य माणसं,’ ती सांगते,
‘डिंक पुन्हा इतका नीट लावायची
की पाकीट आधीपेक्षा चांगलं दिसायचं.’
तेव्हापासून फार नीटनेटकं काही दिसलं
की ती चष्मा काढून पुसते.

एक कंपनी पैसे द्यायला तयार आहे,
आम्ही पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे थोडे.
माल वाईट नाही. खरंच नाही.
ओयार्स स्वतः तोच वापरतो.
हीटर नवा येईल, वर काही उरेल.
पाइपात पाणी खुटखुटतं.
‘पैसे न घेता लिहू,’ मी म्हणते, ‘चांगलंच आहे तर.’
‘चांगलं आहे म्हणून लिहिणार, गुंडेगा,
की पैसे देत होते म्हणून आठवलं?’
हे विचारतो ओयार्स,
आणि स्वतःच्याच आवडत्या नावावर काट मारतो.

मग मी ते पत्र काढते.
तीन आठवडे पर्समध्ये आहे.
बाईनं नाव लिहिलेलं नाही. बरं केलं.
गेल्या पत्रकातला सहावा पत्ता,
जो आम्ही डोळे मिटून छापला होता:
ती संस्था बंद पडली, पत्ता कुणीतरी विकत घेतला.
रंग तोच, बोधचिन्ह तेच,
फक्त आता आधी फोन नंबर मागतात.
तिनं दिला.
‘तुम्ही सांगितलं होतं म्हणून.’
पुढे काय झालं ते पत्रात नाही.
भरवशाच्या म्हशीला टोणगा,
ही म्हण आजवर मी हसतच म्हणत आले.

रात्री साडेआठपर्यंत चौतिसांतले पाच उरले.
प्रत्येकासमोर तारीख,
आणि तपासणाऱ्याचं नाव, आडनावासकट.
वर एक ओळ: ‘हे त्या दिवशी खरं होतं.’
‘असं छापलं तर विश्वास कोण ठेवेल?’ ओयार्स.
‘अर्धा ठेवू देत,’ स्काइद्रीते पाव उचलते,
‘अर्धा त्यांच्यापाशी असू दे, उपयोगी पडेल.’
यादी आता उडत नाही.
की वाराच पडलाय, कोण जाणे.

मंगळवारी छापखान्यातून फोन.
‘पाचव्याखाली एक ओळ कोरी सुटलीय, बाई.
काही भरायचं होतं का?’

मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, तेवढी जागा मात्र
कमी करू नका.