पांढरी पाचच्या जरा वर

घणसोली, गाळा नंबर सतरा, पोटमाळा.
पहिल्या गाण्यात आम्ही बेचाळीस ट्रॅक कोंबले.
भाग्येश म्हणाला, अजून एक ढोल बसेल.
ढोल बसला.
गाणं उठून गेलं.

मग खोडायला शिकलो.
आधी ढोल गेले,
मग, पुष्कळ भांडून,
माझ्या आवाजावरचा चकचकीत वर्ख.
त्याच्या आईनं सुकट निवडता निवडता ऐकलं:
आता कळतं, पोरगी काय म्हणते ते.

शुक्रवारी एमआयडीसीची वीज गेली.
खालच्या ट्रान्सफॉर्मरची घूं थांबली
आणि लॅपटॉपमधलं आमचं गाणं
बॅटरीवर एकटंच वाजत राहिलं,
टेकायला भिंत नसल्यासारखं.

भाग्येशनं बाबांची पेटी ओढली,
पांढरी पाच दाबली.
आम्ही तिच्या वर होतो, केसभर.
सिंथ कानानं लावतो ना आपण, तो म्हणाला,
आणि कान तर चार वर्षं
त्या घूंपाशीच शिकवणीला.

उतरवू या खाली? सगळी गाणी?

मी उत्तर दिलं नाही.
माइक जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला,
वायर पायरीवर चिकटवली.
वीज यायची वाट बघत
दोघं
घामाघूम,
गप्प.