मिठाला जागणारं झाड

लामयायला थंडी वाजल्याशिवाय मोहोर सुचत नाही.
आणि जूनमध्ये लाम्फूनला कसली थंडी!
पण फळं हवीत चिनी नववर्षाला,
व्यापारी तारीख सांगून गेलाय,
म्हणून मी पिंप उघडते.

आत पांढरं मीठ, पिठीसाखरेसारखं गुपचूप.
पिंपावर पिवळा चौकोन, वर्तुळावर जळती ज्योत.
सासूबाईंना अक्षर येत नाही,
तो चौकोन मात्र त्या लांबूनही वाचतात :
"हे आपल्या इनकेवचं."

इनकेव माझा नवरा. देवळाच्या जत्रेसाठी अग्निबाण करायचा.
उजव्या हाताला तीन बोटं.
पोरं किती, असं कुणी विचारलं की तोच हात वर करायचा,
आणि पोरगा तर एकच.
एका वर्षी त्यानं भांडी धुतली विहिरीजवळच्या झाडाखाली,
ते पाणी मुळांत मुरलं,
आणि झाड भलत्याच महिन्यात फुललं.
गावानं बुंध्याला रंगीत कापड बांधलं,
केळी ठेवली, लाल सरबताची बाटली ठेवली.
तो हसायचा. भूत नाही गं, म्हणायचा, माझीच घाण आहे ती.
लोकांना वाटलं होतं, हा एक दिवस उडणार.
तो गेला साध्या तापानं, पंखा चालू असताना.

आता सिंगखाम रायोंगला असतो,
समुद्राकाठच्या कारखान्यात.
"आई, येतं ते साधंच मीठ गं, आपल्या वरणातलं," तो सांगतो.
(वरण नाही म्हणाला तो; त्याच्या ताटात जे असतं ते म्हणाला.)
त्याचं पाणी करायचं, त्यातून वीज सोडायची,
दिवस नाही, रात्र नाही.
मीठ हळूहळू श्वास गिळत जातं, एक, दोन, तीन,
आणि तिसऱ्यानंतर ते जेवणाचं राहत नाही.
याचा सख्खा भाऊ कागदाच्या गिरणीत जातो,
लगद्याला पांढरं करायला.
हा आगपेट्यांच्या गुलात जातो.
आणि थोडासा, आई, तुझ्याकडे.

तिथे चामड्याचे बूट चालत नाहीत.
विजार या पाण्यात भिजली आणि वाळली,
तर ती नुसती ठिणगीची वाट बघत बसते.
म्हणून पाळी संपली की कपडे तिथेच धुवायचे,
ओले असतानाच.
घरी येतो तेव्हा त्याच्या अंगाला
पोहण्याच्या तलावाचा वास येतो, बाकी काही नाही.

मीही नियम पाळते.
गंधकाशी याची सोयरीक नाही, साखरेशी नाही, भुशाशी नाही.
गोठ्यापासून लांब, वेगळी खोली, वेगळं फावडं.
बुंध्याभोवती गवत झाडून रिंगण करते,
पाण्यातून मीठ सोडते, हातमोजे घालून,
फांद्यांची सावली जिथवर पडते तिथवर.
उरलंसुरलं गवत जळून जातं.
झाड आधी गप्प राहतं.
मग विसाव्या-बाविसाव्या दिवशी
शेंड्याला गव्हाळ धूळ बसल्यासारखं दिसतं,
आणि माश्या येतात. आधी एक येते, मग सगळ्या.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
माझी एकशे चाळीस झाडं जागतात,
अक्षरशः, झोपेतून दचकून,
हिवाळा आला समजून.
फळ सोलते, आत काळा डोळा.
चाखून बघते. गोड.
खारट असतं तर मला बरं वाटलं असतं, थोडंसं.

सलग तीन वर्षं दिलं की पानं पिवळी पडतात.
बँकॉकहून आलेला एक जण म्हणाला, विश्रांती द्या.
मी मान हलवली. व्यापाऱ्यालाही तशीच हलवते.

एकशे एक्केचाळिसावं झाड विहिरीजवळचं.
त्याला मी काही घालत नाही.
वाजेल तेव्हा वाजेल त्याला थंडी,
नाही वाजली तर नाही.
जूनमध्ये कापड तेवढं बदलते,
लाल सरबताची बाटली उघडून ठेवते,
आणि नळी आत घालायला विसरत नाही.