एकोणीस मिनिटं

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळी गोठवायच्या कारखान्याच्या माडीवर
रान्वाने प्रोग्रॅममधला एक स्वल्पविराम हलवला
आणि जिन्याखालच्या सर्व्हरमध्ये एक मशीन जन्माला आलं.
कोरं. कालचं काहीही न आठवणारं.
जन्मताच मागत सुटलं:
ही लायब्ररी द्या, ती द्या, तिच्या पोटातल्या आणखी सतरा द्या.
अकराशे बेचाळीस पुड्या
समुद्राच्या तळावरल्या तारेतून एकेक करून आल्या,
सुटल्या, मांडल्या गेल्या.
मग चाळीस सेकंद तपासणी.
हिरवी खूण उमटली
आणि मशीन मेलं, पुड्यांसकट.

दुपारी तिने स्वल्पविराम होता तिथे परत ठेवला.
पहिले पाढे पंचावन्न.

मी शेजारच्या टेबलावर मासळीची बिलं लिहितो,
मला यातलं फारसं कळत नाही.
एवढंच कळायचं की एकोणीस मिनिटं लागतात
आणि तेवढ्यात हानुस कोट चढवतो,
"बिल्ड चालू आहे" म्हणतो,
घरात आजारी माणूस आहे असं सांगावं तशा आवाजात,
आणि खाली धक्क्यावर जातो.

रान्वाच्या बापाचं एक खोपट आहे, डोंगराच्या अंगाला,
फळ्यांमध्ये बोटभर फटी, वारा आरपार.
ऑक्टोबरात टांगलेलं मटण तिथे नाताळपर्यंत वाळतं.
जेवताना ती कामाबद्दल कुरकुरली तेव्हा
ताटातून मान वर न करता तो म्हणाला,
"भूक लागली की दर वेळी मेंढी कापता तुम्ही?"

सोमवारी तिने फळी ठोकली.
म्हणजे सर्व्हरवर एक कप्पा.
पुड्या एकदाच आणायच्या, तिथे ठेवायच्या,
नव्या मशीनच्या हाती जन्मतःच शिदोरी द्यायची.
कप्प्यावर नाव लिहिलं, नुसतं "लिनक्स".
दोन मिनिटं दहा सेकंद!
हानुसचा एक हात कोटात गेला होता, दुसरा बाहेरच राहिला.

नऊ दिवस असे गेले.
दहाव्या दिवशी "सुन्नन" बोटीवरून फोन:
काट्यावर चारशे किलो मासळी आहे आणि पडद्यावर शून्य.
दुरुस्ती तर केव्हाच झाली होती,
यादीत नवीन पुडीचं नाव होतं,
पण कप्पा जुनीच देत राहिला,
आणि कुणी विचारलं नाही, कारण
सगळं हिरवं होतं.
शेवाळही हिरवंच असतं, रान्वा म्हणाली,
आणि कप्पा झाडून रिकामा केला.

त्या रात्री ती खोपटात गेली होती म्हणे.
बाप दार उघडतो आणि आधी नाक पुढे करतो,
सुरी नंतर.
मशीनला नाक नाही.
म्हणून तिने कप्प्याच्या नावात यादीचा ठसा घातला,
चौसष्ट अक्षरांचा.
यादीतला एक आकडा बदलला की सगळा ठसा बदलतो,
जुन्या कप्प्याचं दार उघडत नाही,
जा, ताजं आण.
यादी तीच असेल तर घे आणि लाग कामाला.
(मी विचारलं, यादीच चुकीची असली तर?
तिने मला कॉफी आणायला पाठवलं.)

आता बहुतेक दिवशी दोन मिनिटं.
कधी साडेतीन, नवीन काही आलं तर एकोणीस.
महिनाअखेरीला मालक खूश होता,
वाचलेले तास त्याने फळ्यावर लिहिले.

हानुस अजूनही कोट चढवतो.
"बिल्ड चालू आहे."
"सुन्नन"वर त्याचा धाकटा भाऊ आहे,
बेटाच्या टोकाला वळसा घालेपर्यंत फोन लागतो,
पंधरा, फार तर अठरा मिनिटं.
खिडकीतून दिसतो, वाऱ्याला पाठ करून,
एका कानावर हात दाबून, हसताना.

वर पडद्यावर खूण कधीचीच उमटलेली असते.
रान्वा ती पाहते,
आणि मान खाली घालून
कुठलातरी स्वल्पविराम शोधत बसते.